पंप लावल्यावर शुगर आणखी वाढली, पुन्हा पेनवर जायचं का?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी कळवलं आहे ते थोडक्यात असं: मुलगी १४ वर्षांची, नववीत. सहाव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही तो. आठ वर्षं इन्सुलिनच्या पेननं इंजेक्शनं घेतली, अलीकडे दिवसाला ४५ युनिट लागायचं. यंदा द्राक्षाचे पैसे हातात आल्यावर इन्सुलिन पंप, म्हणजे अंगावर लावून सतत इन्सुलिन सोडणारं यंत्र, घेतला. डॉक्टरांनी ३६ युनिटांच्या हिशेबानं पंप चालू करून दिला, त्याला साडेतीन आठवडे झाले. तेव्हापासून जेवणानंतर शुगर २८०-२९०, सकाळी उठल्यावर २४०. मागच्या आठवड्यात एका रात्री ती ४०० च्या वर गेली, उलट्या झाल्या, घरच्यांना पित्त वाटलं, पित्ताची गोळी दिली आणि सकाळी दवाखान्यात न्यावं लागलं. त्या रात्रीच्या आधी, संध्याकाळीच, पंपाचा सुई-नळीचा सेट बदलला होता. मुलगी शाळेत पंप काढून दप्तरात ठेवते, हेही परवा कळलं. ताई विचारतात, आमचा निर्णय चुकला का? पुन्हा पेनवर जाऊ का?

ताई, आधी थेट उत्तर. आत्ता पंप सोडू नका, पण पेन घरातून हलवूही नका. तुम्ही लिहिलेल्यात मला पंप बिघडल्याची एकही खूण दिसत नाही. चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्यात आणि त्यांची सरमिसळ झालीय. मी मिरजेत २२ वर्षं डायबेटिस एज्युकेटर म्हणून काम करते. पंपाचा पहिला महिना असा जाणारी तुमची मुलगी पहिली नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंप डब्यात भरून परत आणणारे आईबाप मी पाहिलेत, आणि त्यातल्या बहुतेकांची मुलं सहा महिन्यांनी तोच पंप लावून परीक्षेला बसलेली पाहिलीत.

तुमच्या घरी बाग आहे, म्हणून ठिबकच्या भाषेत सांगते. पेनवर असताना मुलगी दोन प्रकारचं इन्सुलिन घेत होती. एक जेवणाआधीचं, लगेच काम करणारं. दुसरं रात्रीचं, २४ तास हळूहळू उतरणारं. हे दुसरं म्हणजे जमिनीतली ओल. एखाद्या वेळचं पाणी चुकलं तरी ओलीवर वेल तग धरतो. पंपात ते दुसरं इन्सुलिन नसतंच. पंप फक्त लगेच काम करणारं इन्सुलिन दर काही मिनिटांनी थेंबाथेंबानं सोडत राहतो. त्या सततच्या थेंबांना आपण बेसल म्हणतो आणि जेवणाच्या वेळी बटण दाबून जे एकदम सोडतो त्याला बोलस. म्हणजे बेसल हे ठिबक आणि बोलस हे पाटाचं पाणी. फायदा असा की ठिबक तासातासाला कमी-जास्त करता येतं, जे पेनच्या रात्रीच्या डोसाला कधीच जमत नाही. धोका असा की जमिनीत ओल अजिबात नाही. ड्रिपर चोंदला, तर काही तासांत वेल मान टाकतो.

त्या रात्री हेच झालं असणार. तुम्ही संध्याकाळी सेट बदललात. सुई आत जाऊन बाहेर येते आणि कातडीखाली प्लास्टिकची बारीक नळी, कॅन्युला, राहते. ती नळी कधीकधी आत दुमडते. पंपाला ते लगेच कळत नाही. अडथळ्याचा अलार्म वाजायला नळीत पुरेसा दाब यावा लागतो आणि बेसलच्या बारीक थेंबांनी तो दाब यायला तास जातात. तोवर पडद्यावर सगळं नीट दिसतं. इन्सुलिन गेल्याची नोंद होते, अंगात मात्र काहीच जात नाही. शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारी आम्लं, म्हणजे कीटोन, रक्तात साचतात, पोटात ढवळतं, उलटी होते.

आणि आपल्याकडे उलटी म्हटली की पित्त. याबद्दल मी जरा तळमळीनं लिहिणार आहे. वाळवा तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे येत असे. सकाळपासून त्याला मळमळ, पोटात दुखत होतं. घरात कोकम सरबत दिलं, दुपारी लिंबू सरबत, संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन. पंप लावलेला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण पंपाकडे कुणी पाहिलं नाही. रात्री त्याला धाप लागली, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला, तेव्हा मिरजेला आणलं. तो वाचला. तो कसा आहे हे त्याची आई मला अजून दर दिवाळीला फोन करून सांगते. त्या दिवसापासून पंप लावणाऱ्या प्रत्येक घराला मी एकच वाक्य फ्रिजवर चिकटवायला लावते: "पंपवाल्या मुलाला मळमळ झाली तर आधी शुगर, मग कीटोन, मग बाकी सगळं."

पुढचं नीट वाचा आणि घरातल्या इतरांनाही वाचून दाखवा. शुगर २५० च्या वर गेली आणि त्याचं कारण कळत नाही, तर पंपातून दुरुस्तीचा डोस, म्हणजे शुगर खाली आणणारा बोलस, द्या आणि कीटोन तपासा. रक्तातले कीटोन ०.६ च्या आत असतील तर ठीक. दीड-दोन तासांनी पुन्हा शुगर पाहा. उतरली नसेल, किंवा कीटोन ०.६ च्या वर असतील, तर पंपावर विश्वास ठेवायचा नाही. पुढचा डोस लगेच काम करणाऱ्या इन्सुलिनच्या पेननं द्यायचा, जुना सेट काढून फेकायचा, दुसऱ्या जागी नवा लावायचा, पाणी भरपूर पाजायचं. कीटोन १.५ च्या वर गेले तर डॉक्टरांना फोन. ३ च्या वर, किंवा उलट्या थांबत नाहीत, किंवा श्वास जोरजोरात चाललाय, तर फोनची वाट न बघता गाडी काढायची. रक्ताच्या कीटोन पट्ट्या महाग पडत असतील तर लघवीच्या पट्ट्यांची डबी घरात ठेवा. ती उशिरा सांगते, पण काहीच नसण्यापेक्षा फार बरी. इथे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मुलीसाठी डोस किती, हे तिच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पंपाच्या पिशवीत ठेवा.

सेट संध्याकाळी बदलायचा नाही, हे यातूनच येतं. सकाळी, अंघोळीनंतर, शाळेला जायच्या निदान दोन तास आधी बदला आणि दोन तासांनी एकदा शुगर तपासा. सेट दर दोन ते तीन दिवसांनी बदलावाच लागतो. पैसे वाचवायला चौथा-पाचवा दिवस ओढणारी घरं मला माहीत आहेत. त्यांची अडचण खरी आहे, एक सेट वाचला की घरात काहीतरी येतं. पण तिसऱ्या दिवसानंतर ती जागा सुजायला लागते, इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, आणि वाचवलेले पैसे वाढलेल्या इन्सुलिनमध्ये आणि दवाखान्यात जातात.

आता ४५ चे ३६ कसे झाले ते पाहू. तुम्ही लिहिताय की डॉक्टरांनी डोस कमी केला म्हणून शुगर वाढली. अर्धी गोष्ट खरी आहे. पेनवरून पंपावर आणताना एकूण डोस मुद्दाम १० ते २५ टक्के खाली आणतात, कारण थेंबाथेंबानं दिलेलं इन्सुलिन जास्त नीट लागतं आणि पहिल्या दिवसांत शुगर लो होण्याची भीती हाय होण्यापेक्षा मोठी असते. ४५ मधून २० टक्के वजा केले की ३६. त्यातला अर्धा भाग, १८ युनिट, बेसल. २४ तासांत वाटला की ताशी ०.७५. उरलेले १८ जेवणांचे. पंपात भरलेले इतर आकडेही यातूनच निघतात. ५०० आणि १८०० हे या हिशेबासाठी वापरायचे ठरलेले आकडे. ५०० ला ३६ नं भागलं की साधारण १४, म्हणजे एक युनिट १४ ग्रॅम कर्बोदकांना पुरतं. १८०० ला ३६ नं भागलं की ५०, म्हणजे एक युनिट शुगर ५० नं खाली आणतं. तुमच्या पंपात याच्या आसपासचे आकडे दिसतील. हे सुरुवातीचे आकडे आहेत, कायमचे नव्हेत. ते दर तीन-चार दिवसांनी थोडेथोडे हलवायचे असतात, आणि साडेतीन आठवड्यांत ते एकदाही हलवलेले नाहीत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. हे काम राहून गेलंय. शिवाय १४ वर्षांचं वय हे वाढीचं आहे. या वयात शरीरातली संप्रेरकं इन्सुलिनला विरोध करतात आणि पाळी येण्याआधीच्या काही दिवसांत बऱ्याच मुलींना जास्त इन्सुलिन लागतं. तिच्या वहीत पाळीच्या तारखाही लिहायला सांगा. दोन-तीन महिन्यांत मेळ दिसायला लागेल आणि त्या दिवसांसाठी पंपात बेसलचा वेगळा आराखडा भरून ठेवता येतो.

पण जेवणानंतरचे २९० फक्त त्यामुळे आलेले नाहीत. तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात: "चार्टप्रमाणे एका भाकरीला १५ ग्रॅम धरतो." ताई, इथे घोटाळा आहे. कर्बोदकं मोजायचा तो चार्ट शहरातल्या फुलक्याचा आहे. २०-२५ ग्रॅम पिठाचा तळहाताएवढा फुलका, त्यात १५ ग्रॅम कर्बोदकं. आपल्याकडची शाळूची भाकरी थापताना आई हात राखून थापते का? एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ सहज जातं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६८ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे तुमच्या एका भाकरीत ५४-५५ ग्रॅम. तुम्ही १५ पंपाला सांगता, पंप एक युनिट देतो, लागणार असतात जवळजवळ चार. राहिलेल्या ३९ ग्रॅमचा हिशेब तिच्याच आकड्यांनी केला तर शुगर १४० नं वर जायला हवी. जेवायच्या आधी १५० असेल तर नंतर २९०. तुमच्या वहीतला आकडा तंतोतंत तोच आहे.

हे पेनवर असताना का दिसलं नाही? कारण तेव्हा डॉक्टरांनी जेवणाचा डोस ठरवून दिला होता, दुपारी आठ, रात्री आठ असा, आणि तो तुमच्या घरच्या भाकरीवर वर्षानुवर्षं बसत आला होता. कुणी मोजलं नव्हतं, शरीरानंच मोजून घेतलं होतं. पंपाला मात्र तुम्ही जे सांगाल तेवढंच कळतं. म्हणून एक स्वयंपाकघरातला काटा घ्या. पंपाच्या खर्चापुढे तो काहीच नाही, आणि माझ्या मते पंपाच्या खालोखाल कामाची वस्तू तीच. आठवडाभर भाकरीचं पीठ तोलून घ्या, भात शिजल्यावर वाटीनं तोला, पोह्यांचं, उसळीचं माप ठरवा. आठ दिवसांत डोळ्याला सवय होते, मग काटा रोज लागत नाही. भडंगाला मात्र लागतोच. हलका दिसतो म्हणून मुलं मूठमूठ खातात आणि "चुरमुरेच तर आहेत" म्हणतात. चुरमुरे म्हणजे भातच.

आणखी एक. बोलस ताटावर बसल्यावर देऊ नका. जेवणाआधी १५ मिनिटं द्या. लगेच काम करणारं इन्सुलिनही कातडीखालून रक्तात जायला वेळ घेतं. फक्त शुगर आधीच कमी असेल, तर ही घाई करायची नाही.

सकाळच्या २४० कडे येते. रात्री झोपताना किती, पहाटे तीनला किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याशिवाय कुणालाच काही सांगता येणार नाही. तीन रात्री, लागोपाठ नको, एक आड एक, पहाटे तीनला उठून बोट टोचा. झोपताना १५०, तीनला १५५ आणि सातला २४०, असं दिसलं तर पहाटेच्या संप्रेरकांचं ते काम आहे. तीन ते आठ या वेळेत ती रक्तात वाढतात आणि यकृत साखर सोडतं. यावर उपाय पंपाकडे आहे, पेनकडे नव्हता. पहाटे दोन-तीनपासून सात-आठपर्यंतचं बेसल थोडं वाढवायचं, ०.७५ चं ०.८५ वगैरे, आणि बाकी रात्र तशीच ठेवायची. पण तीनला शुगर आधीच २३० असेल, तर दोष बहुधा रात्रीच्या जेवणाच्या मोजण्यात आहे आणि लगेच बेसलला हात लावायचा नाही. हे न बघता सकाळच्या आकड्यावरून रात्रभराचं बेसल वाढवलं तर दोन वाजता मूल घामानं थबथबून उठतं. महिन्यातून एकदा शुगर सतत मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावणं परवडत असेल तर याच महिन्यात लावा. पंपाची पहिली बसवणी करताना त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा नंतर क्वचित होतो. सेन्सर रक्तात नसतो, कातडीखालच्या द्रवात असतो, म्हणून तो खऱ्या शुगरच्या पाच-पंधरा मिनिटं मागे चालतो. लक्षणं एक सांगतात आणि सेन्सर दुसरं, असं झालं तर बोट टोचून बघा.

दिवसाचं बेसल तपासायला एक जुनी आणि साधी रीत आहे. सुट्टीच्या दिवशी एक वेळचं जेवण उशिरा करायचं. सकाळचा नाश्ता टाळून आठ ते बारा दर तासाला शुगर पाहायची. ती ३० पेक्षा जास्त वर-खाली झाली नाही तर त्या वेळचं बेसल बरोबर. मध्येच ७० च्या खाली गेली तर चाचणी तिथेच सोडून गोड द्यायचं. दुपारचं दुसऱ्या रविवारी. एकाच दिवशी सगळं करायच्या नादी लागू नका, तीही माणूस आहे आणि तिला भूक लागते.

पोटावर दोन्ही बाजूंना बोटं दाबून फिरवून बघा. आठ वर्षं इंजेक्शनं घेतलेल्या मुलांच्या पोटावर, आणि खास करून नेहमीच्या आवडत्या जागी, रबरासारखे मऊ फुगवटे असतात. तिथे टोचलेलं दुखत नाही, म्हणून मुलं तीच जागा मागतात. पण त्या गाठीत लावलेल्या सेटमधून इन्सुलिन कधी लागतं, कधी लागत नाही. अशा जागांभोवती लिहायच्या पेननं गोल करून ठेवा आणि निदान काही महिने तिथे काही लावू नका. बेंबीपासून दोन बोटं सोडून, कंबरेच्या वर, नितंबाच्या वरच्या बाजूला अशा जागा फिरवत राहा. त्या जागेला अंघोळीआधी खोबरेल लावलं असेल तर चिकटपट्टी टिकत नाही, तेल नको.

उन्हाळ्याबद्दल लिहायला हवं, कारण पुढचे दोन महिने आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. उघडलेली बाटली ३० अंशांच्या आत ठेवायची असते, आणि पंपातलं इन्सुलिनही ३७ अंशांच्या वर तापू द्यायचं नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पंपाची पिशवी विसरू नका. शाळेतून चालत येते तेव्हा नळी कपड्याच्या आत असू द्या. लोडशेडिंगमध्ये फ्रिज बंद राहतो, तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवा, मातीच्या भांड्यात बाष्पीभवनानं बऱ्यापैकी गारवा राहतो. बर्फाला थेट लावू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच असतं. आणि फ्रिजमधून काढलेलं गार इन्सुलिन तसंच पंपात भरू नका. ते तापताना नळीत बुडबुडे धरतात. भरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, भरल्यावर नळी उजेडात धरून बघा. बुडबुडा अंगात गेला तर इजा होत नाही, पण बुडबुड्याएवढं इन्सुलिन कमी जातं, आणि बेसलमध्ये तेवढंही जाणवतं.

बाटलीवर "१०० युनिट प्रति मिली" असं छापलेलं आहे याची खात्री दर वेळी दुकानातच करा. आपल्याकडे ४० युनिटांच्या बाटल्याही सर्रास मिळतात, त्या पंपात चालत नाहीत. घरात अडीनडीला सिरिंज ठेवली असेल तर ती नारिंगी टोपीची, १०० च्या खुणांची हवी. लाल टोपीची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी असते. तिच्यात पंपाचं इन्सुलिन भरलं तर मुलीला अडीचपट डोस जाईल. लाल टोपीच्या जुन्या सिरिंजा घरातून आजच काढून टाका.

तिला खो-खो आवडतो असं तुम्ही लिहिलंय. खेळू द्या. खेळताना पंप काढता येतो, पण तासाभरासाठी, फार तर दीड तास, आणि काढण्याआधी शुगर बघून. २५० च्या वर असेल आणि कीटोन असतील तर त्या दिवशी खेळ नको. सराव रोज संध्याकाळी असेल तर पंप न काढता तास-दीड तास आधीपासून बेसल निम्मं करून ठेवणं हा आणखी एक मार्ग आहे. संध्याकाळी पळापळ झालेल्या दिवशी शुगर रात्री, अगदी पहाटेही, उतरते. त्या रात्री बेसल वीसेक टक्के कमी ठेवता येतं.

शुगर ७० च्या खाली गेली तर ग्लुकोज पावडर तीन लहान चमचे पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ग्लुकोज नसेल तर साखर, नाहीतर अर्धा ग्लास उसाचा रस. आपल्या भागात लोक मुठीत बेदाणे देतात. घरचे असतात, खिशात राहतात, म्हणून मला त्यांची भावना समजते. पण ते चावायला वेळ लागतो आणि त्यातली निम्मी साखर फ्रुक्टोज असते, ती शुगर लवकर चढवत नाही. साताऱ्याच्या पाहुण्यांनी आणलेला कंदी पेढा तर त्या वेळी नकोच. खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पेढा नंतर, मोजून, बोलस घेऊन खाऊ द्या. पंपाचा हेतूच तो आहे. पुरणपोळी आणि तुपातली, दाण्याच्या कुटातली साबुदाण्याची खिचडी यांची शुगर दोन टप्प्यांत चढते. पंपात बोलस विभागून द्यायची सोय असते, निम्मं लगेच आणि निम्मं दोन तासांत. आषाढीच्या आधी ती कशी वापरायची हे डॉक्टरांकडून शिकून घ्या.

पंपातले सगळे आकडे, तासातासाचं बेसल धरून, एका कागदावर लिहून ठेवा. हे मी माझ्या चुकीतून शिकले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. माझ्याकडची एक मुलगी रातोरात आजोळी हलली, पंप भिजून बंद पडला, आणि तिचे आकडे फक्त त्या पंपात होते. मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलेले नव्हते. फोनवर आठवून आठवून, तिच्या जुन्या डोसांवरून आम्ही पेनचा हिशेब बसवला. बसला, पण ती रात्र मी विसरलेले नाही. तुमचं गाव नदीपासून लांब असेल, पण रस्ते बंद झाले की सांगली-मिरजेतून येणारा सेटही बंद होतो. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या आणि लगेच काम करणाऱ्या इन्सुलिनचं एकेक पेन, सुया, पंपाच्या बॅटऱ्या, चार जादा सेट हे पावसाळ्याआधी घरात हवं. पंप बंद पडला तर दीर्घकाळच्या इन्सुलिनचा डोस साधारण दिवसभराच्या बेसलएवढा असतो, तुमच्या बाबतीत आत्ता १८ च्या आसपास. त्याला काम सुरू करायला एक-दोन तास लागतात, तोवर लगेच काम करणारं इन्सुलिन पेननं द्यावं लागतं. हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं बरं, ऐन वेळी कुणाचं डोकं चालत नाही.

राहिली दप्तरातल्या पंपाची गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. पाच-सहा तास शाळेत पंप काढून ठेवला तर तिच्या अंगात ओल उरत नाही, हे तुम्हाला आता कळलंय. पण तिला रागावून ते थांबणार नाही. पेन दोन मिनिटांत दप्तरात जायचं, कुणाला कळायचं नाही. पंप अंगावर असतो. कुणीतरी "हे काय गं, मोबाईल आणलास का" विचारतं, बाई वर्गात बोलावून तपासतात, आणि १४ व्या वर्षी ते सगळं फार लागतं. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकेला तुम्ही स्वतः भेटा, डॉक्टरांचं पत्र द्या. वर्गात काय सांगायचं आणि सांगायचं की नाही, हे मात्र तिला ठरवू द्या. पंप कमरेच्या पट्ट्याला लावायलाच हवा असं नाही. सलवारच्या नाडीच्या आतल्या बाजूला कापडी खिसा शिवून घ्या. आमच्याकडच्या मुली शिंप्याकडून असे खिसे शिवून घेतात आणि नळी बाहेर दिसत नाही.

आणि तिनं साफ नकार दिला तर? तेव्हा तिच्यावर लादू नका. काही मुलं दीर्घकाळचं इन्सुलिन पेननं घेऊन उरलेल्या कामासाठी पंप वापरतात, ती पद्धतही डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालते. काहीजण वर्षभर थांबून पुन्हा पंपावर येतात. पैसे वाया गेले असं तिच्यासमोर म्हणू नका, "द्राक्षाचे पैसे" हे शब्दच तिच्या कानावर पडू देऊ नका. ती ते ऐकते आणि वहीत खोटे आकडे लिहायला लागते. २९० आला की "काय खाल्लंस?" असं विचारलं जातं ना? त्याऐवजी "किती दिलंस, कधी दिलंस?" एवढंच विचारा. आकडा हा परीक्षेतला मार्क नसतो, पुढचा डोस ठरवायला लागतो एवढंच.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा आठ दिवसांची वही, पंप आणि पिठाची वजनं घेऊन जा. आणि डॉक्टरांना सांगून आधी तिला एकटीला आत जाऊ द्या. तुम्ही दहा मिनिटं बाहेर बाकावर बसा.